सोलापुरात लाल, जर्मनीत पिवळं

परदेशी जाऊन आल्यावर लोकांचा पहिला प्रश्न असतो, "काय काय बघितलं?" मी बघितलं ते एका फ्लास्कमधलं पिवळं द्रावण. मुक्कामातले निम्मे दिवस मी त्याच्याकडेच बघत होते. त्यामुळे किल्ले, नद्या आणि बर्फ यांच्या आशेने वाचायला बसलेल्यांनी आधीच सावध व्हावं. एक चर्च आहे, तेही बाहेरून.

निघण्याआधी

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमचं गाव मोहोळजवळ. वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस. आई शेतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि हे मी जाईन तिथं सांगते. ऐकणारे कंटाळतात, पण म्हणून मी सांगायची थांबत नाही.

धातू आणि कार्बन एकमेकांना थेट जोडले गेले की जी संयुगं होतात त्यांना ऑरगॅनोमेटॅलिक म्हणतात. तो माझा विषय. पुण्यात पीएच.डी. करताना त्याची चटक लागली. ही संयुगं नाजूक असतात. हवा लागली की सडतात, ओल लागली की मरतात. म्हणून सगळं काम नायट्रोजनच्या आडोशाला करायचं. पुण्यात राहायची संधी सोडून मी सोलापूरला परतले, तेव्हा माझे गाइड म्हणाले होते, "तिथं हे काम होणार नाही." ते मला लागलं. काचेच्या नळ्या पुण्याहून वळवून आणल्या, नायट्रोजनचा सिलिंडर चिंचोळी एमआयडीसीतून टेम्पोने यायला लागला, आणि काम सुरू झालं. विषारी वाफा ओढून घेणारी जी पेटी असते, फ्यूम हूड, ती आम्ही नैऋत्येच्या खिडकीला चिकटवून उभी केली, कारण धुराड्याचा पाइप बाहेर काढायला तेवढीच जागा होती. पुढे ॲसिडच्या वाफांनी तिचा पाठीमागचा पत्रा गंजून पडला. तिथं आम्ही काच बसवली. लाइट गेली तरी आत दिसतं, हा फायदा. दुपारी भट्टी होते, हा तोटा. पडद्यासाठी मी प्राचार्यांकडे अर्ज देऊन ठेवला होता आणि तो नेहमीच्या गतीने चालला होता.

या हूडमध्ये अंबिकाने ते संयुग केलं. अंबिका माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातली, तिच्याही घरात पहिलीच. तिचे नायना, म्हणजे वडील, आयुष्यभर सुताला रंग देत आले. तिने मँगनीजचं एक साधं पिवळं संयुग घेतलं. त्यात मँगनीजला कार्बन मोनॉक्साइडचे तीन रेणू धरून बसलेले असतात. त्यात तिने स्वतः तयार केलेला नायट्रोजनवाला रेणू घातला आणि दिवसभर ढवळलं. संध्याकाळपर्यंत पिवळ्याचं गर्द लाल झालं. एक मोनॉक्साइड हटला आणि आमचा रेणू त्याच्या जागी बसला, असं आम्ही म्हटलं. ना तापवायचं, ना दिवा लावायचा. आमचा रेणूच एवढा जोरकस की तो मोनॉक्साइडला ढकलतो, असा शोधनिबंध छापला. मी महिनाभर मान वर करून फिरले.

मग जर्मनीतून मेल आली. तिथल्या एका प्रयोगशाळेला आमचं संयुग वापरायचं होतं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. पिवळं ते पिवळंच. मेलची भाषा सभ्य होती. आमच्या विभागात पाहुण्यांसाठी सोय आहे, तुम्ही येऊन आमच्यासोबत करून दाखवाल का? आणि शेवटी एक वाक्य होतं, की नाही झालं तर तसं छापणं आम्हाला भाग पडेल.

अंबिकाचा प्रबंध टाइप होऊन तयार होता. त्यातली तीन प्रकरणं त्या लाल संयुगावर उभी होती. मी तिला म्हटलं, सबमिशन थांबव.

"म्हणजे मी काय त्यात रंग मिसळला काय मॅडम?" ती म्हणाली. "रंगाचं काम आमच्या नायनांचं. माझं न्हाय."

"मी तसं म्हटलं का?"

"तुम्ही न्हाय म्हटलं. ते म्हणायलेत की."

सोबत तिने यायला हवं होतं. हात तिचे, संयुग तिचं. पण निमंत्रण एकाच माणसाचं होतं आणि ते माझ्या नावावर होतं. संयुग बाटलीत भरून न्यावं म्हटलं तर विमानात असली रसायनं घेत नाहीत, आणि मुळात प्रश्न ते तिथं होतं का हाच होता. निघायच्या आधी अंबिकाने माझ्याकडून प्रयोग दोनदा करून घेतला. मी वर्गात शिकवते, पेपर तपासते, मीटिंगा करते. सिरिंज हातात धरून मला बरीच वर्षं झाली होती.

"घाई नका करू मॅडम. सुई हळू काढा. तुम्ही पोळी उलटल्यासारखं करताय."

दोन्ही वेळा लाल झालं. मी बॅग भरली.

चटणीची चौकशी

आईने कडक भाकरी दिल्या. आमच्याकडची ज्वारीची ही भाकरी पापडासारखी कडकडीत असते आणि महिनाभर टिकते. सोबत शेंगांची चटणी. "तितं काय मिळंल न मिळंल," आई म्हणाली, "ही खाल्ली की तोंडाला चव ऱ्हाती."

चटणी मी झिपच्या पिशवीत भरली आणि सवयीने वर मार्करने तारीख आणि माझी आद्याक्षरं घातली. प्रयोगशाळेत नमुन्यावर आपण घालतो तशी. जर्मनीच्या विमानतळावर अधिकाऱ्याने माझं निमंत्रणाचं पत्र वाचलं, त्यात रसायन हा शब्द पाहिला, आणि मग ती लालसर पूड, तारीख, आद्याक्षरं. तो माझ्याकडे बघायला लागला.

"हे कुठलं रसायन?"

"शेंगदाणे," मी म्हटलं, "आणि लसूण. आणि तिखट."

त्याचा विश्वास बसेना. मी पिशवी उघडून चिमूटभर तोंडात टाकली. त्याने वास घेतला, मान मागे केली आणि हाताने मला पुढे काढलं. रांगेतला माझ्यामागचा माणूस मोठ्याने शिंकला.

माल्ट्साइट

गाव लहान होतं. टेकडीवर विद्यापीठ, खाली चौक, चौकात ते चर्च. फेब्रुवारी संपत आला होता आणि आकाश धुतलेल्या पातेल्याच्या बुडासारखं. आपल्याकडे ढग आले की काहीतरी घडतं. पाऊस तरी पडतो, नाहीतर निघून तरी जातात. इथले ढग नुसते बसून होते.

प्रयोगशाळेच्या प्रमुख उलरिके. साठीच्या, उंच, सायकलने येणाऱ्या. तिथं सगळे त्यांना नुसतं उलरिके म्हणायचे, त्यांच्या हाताखालची पोरंसुद्धा. माझ्या तोंडून ते काही केल्या येईना. मी मॅडम म्हणायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्हाला तिकडे काय म्हणतात?"

"मॅडम."

"मग आपण दोघी मॅडम," त्या म्हणाल्या. त्यानंतर सगळी लॅब आम्हा दोघींना मॅडम म्हणायला लागली.

माझ्यासोबत काम करणार होता योनास. आमचं संयुग करून पाहणारा आणि न जमलेला संशोधक तो हाच. पस्तिशीतला, बारीक, फारसं न बोलणारा. पहिल्याच दिवशी त्याने मला स्वच्छ सांगितलं, "मला वाटतं तुमच्या निबंधात चूक आहे. मला आनंद होईल जर चूक माझी निघाली." मला राग आला. संध्याकाळी विचार केला तेव्हा वाटलं, आपल्याकडे हेच कुणी चार जणांमार्फत, सहा महिने घेऊन कळवलं असतं. त्यापेक्षा हे बरं.

लॅब बघून मी हिशेब घातला. माझं वर्षाचं सामान त्यांच्या एका कपाटात होतं. हूड्स भिंतीला ओळीने, खिडक्या समोरच्या बाजूला, लांब. खिडक्यांना बाहेरून पट्ट्यांचे पडदे, तेही आपोआप चालणारे. जरा ऊन पडलं की घरंघरं करत स्वतःच खाली येतात, म्हणजे उपकरणं तापत नाहीत. मी मनात म्हटलं, माझा अर्ज प्राचार्यांनी इकडे पाठवायला हवा होता.

साडेअकरा वाजले की जेवण. त्याआधीपासूनच जिन्यात, कॉरिडॉरमध्ये भेटेल तो माणूस "माल्ट्साइट" म्हणायचा. म्हणजे साधारण जेवणाच्या वेळेचा रामराम. न ओळखणारेही म्हणायचे. मी पहिल्या दिवशी थांबून विचारलं, "काय हवंय?" नंतर मीही म्हणायला लागले. जेवताना मी कडक भाकरी काढली. उलरिकेंनी तुकडा मोडला, कानाजवळ नेऊन आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "ही तर आमची क्नेकेब्रोट." त्यांचीही एक कडक भाकरी असते, राय नावाच्या धान्याच्या पिठाची, दुकानात मिळते. दुसऱ्या दिवशी त्या ती घेऊन आल्या. आम्ही अदलाबदल केली. चटणी मात्र योनासने एकदाच खाल्ली.

पिवळं

पहिला प्रयोग मी एकटीने केला, योनास बाजूला उभा. सुई हळू काढली. पोळी उलटली नाही. सगळं अंबिकाने सांगितलं तसं. फ्लास्क ढवळत ठेवला, योनासने त्याला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळली.

"हे कशाला?"

"तुमच्याच निबंधात आहे, तयार झालेलं लाल संयुग उजेडात हळूहळू खराब होतं, अंधारात ठेवा. आम्ही सुरुवातीपासूनच झाकतो. नाजूक माणसाला जपावं तसं."

मला ते पटलं. आम्ही झाकत नाही ते निष्काळजीपणा म्हणून नव्हे, रंग बदलताना दिसावा म्हणून. पण जपलं तर बिघडलं कुठं?

संध्याकाळी फॉइल काढली. पिवळं.

दुसरा प्रयोग, पिवळं. तिसऱ्यात मी द्रावक, म्हणजे ज्यात हे सगळं विरघळवतो तो द्रव, त्यातली ओल काढून स्वतः कोरडा केला. पिवळं. चौथ्यात आमचा रेणू नव्याने करून घेतला, पिवळं. पाच वाजले की ते लोक दिवे बंद करून घरी जायचे. एकट्याने लॅबमध्ये थांबायचं नाही हा नियम. मी गेस्टहाउसवर येऊन भाकरी मोडत बसायचे. योनासच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हता. असता तर मला भांडता तरी आलं असतं.

अंबिकाचा फोन रोज यायचा. तिला वाटत होतं, खोट माझ्या हातात आहे.

"सुई हळू काढली?"

"काढली बाई."

"नायट्रोजन तीनदा फिरवला?"

"फिरवला. अंबिका, मी तुझी गाइड आहे."

"म्हणून तर विचारायलेय की मॅडम." मग ती म्हणाली, "घरी नायना विचारतात, पदवी कधी. मी म्हणते, मॅडम आल्यावर. मग ते विचारतात, मॅडम कधी. मी काय सांगू?"

मी म्हटलं, सांग, येतात. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा तो विचार आला, की संयुग खरंच नसेल तर? आमच्याकडे स्फटिकाचं चित्र काढायची क्ष-किरणांची सोय नाही. दुसऱ्या शहरात पाठवलेले स्फटिक वाटेत हवा लागून गेले होते. आमच्याकडे होते फक्त यंत्रांनी काढलेले आलेख आणि लाल रंग. कशाची तरी भेसळही लाल असू शकते.

शनिवारी उलरिकेंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. त्या म्हणाल्या, "पुढचा आठवडा आपण आणखी करू. पण नाही झालं, तर मी काय लिहिणार हे तुम्हाला आधी दाखवीन."

मी हो म्हटलं. आमच्या घरातली पहिली कॉलेजला गेलेली मुलगी जर्मनीत येऊन काय करून गेली, हे कागदावर आता राहणार होतं. आणि माझं मी बघून घेतलं असतं. अंबिकाचं काय?

रविवार, चौकात

रविवारी लॅब बंद. दुकानंही बंद. मी उशिरा उठले आणि खोलीत काहीतरी वेगळं आहे असं वाटलं. भिंतीवर ऊन होतं.

बाहेर पडले. चौकात गाव लोटलं होतं. चर्चच्या पायऱ्यांवर, बाकांवर, हॉटेलवाल्यांनी बाहेर मांडलेल्या खुर्च्यांवर माणसं बसलेली, अंगात जाडजूड कोट, गळ्यात मफलर, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. डोळे मिटलेले. कुणी बोलत नव्हतं. आइस्क्रीमच्या दुकानापुढे रांग होती. थंडी अशी की माझ्या तोंडातून वाफ निघत होती, आणि ही माणसं आइस्क्रीम खात होती.

एका खुर्चीवर योनास. त्याचेही डोळे मिटलेले.

"काय चाललंय?" मी विचारलं.

त्याने डोळे न उघडता शेजारची खुर्ची पुढे केली. "काही नाही. ऊन."

मी बसले. त्या सगळ्या रांगेकडे बघून मला हसू यायला लागलं. आमच्या गच्चीवर मार्चमध्ये असंच दृश्य असतं, फक्त माणसांच्या जागी कुरडया असतात.

"हसताय का?"

"आमच्याकडे उलटं आहे," मी म्हटलं. "माणसं सावलीत बसतात आणि माल उन्हात ठेवतात."

"कुठला माल?"

"काहीही. पापड, कुरडया, सांडगे. मिरच्या. गव्हाला कीड लागली की आई म्हणते, त्याला एक ऊन दाखवून आण. गाद्या, लोणच्याच्या बरण्या. माझा..."

माझा फ्लास्क, असं मी म्हणणार होते.

योनासने डोळे उघडले. मी उभी राहिले होते.

जे रसायनशास्त्र शिकलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. धातूला धरून बसलेला कार्बन मोनॉक्साइड उजेडाच्या धक्क्याने सुटतो, ही गोष्ट जुनी आहे. मी ती एम.एस्सी.च्या वर्गाला दर वर्षी शिकवते. फळ्यावर दिवा काढते, अतिनील किरणांचा, त्याभोवती क्वार्ट्झची नळी, तो थंड ठेवायला पाण्याचं वेटोळं. उजेड म्हणजे दिवा, आणि दिवा आमच्याकडे नाही, म्हणजे उजेड नाही, असा माझा हिशेब होता. खिडकी मी कधी मोजलीच नव्हती. सोलापुरात ऊन ही तक्रार करायची गोष्ट आहे. प्रयोगाच्या कृतीत ते कोण लिहितं?

"तुमचा हूड कुठे आहे?" योनासने विचारलं.

"खिडकीला चिकटून. पाठीमागे काच."

"दिशा?"

"नैऋत्य."

तो जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, "आणि मी फॉइल गुंडाळत होतो."

मी म्हटलं, चला लॅबला. तो म्हणाला, रविवार आहे. मी म्हटलं, चावी तुझ्याकडे आहे. तो म्हणाला, आहे, पण रविवार आहे. त्या क्षणी मला त्याला खुर्चीसकट उचलावंसं वाटलं. आपल्याकडे असं काही सुचलं तर माणूस शिपाईमामांच्या घरी जाऊन कुलूप उघडायला लावतो. तिथं नाही. तो उठला, रांगेत उभा राहिला आणि माझ्यासाठी आइस्क्रीम घेऊन आला.

मी अंबिकाला फोन लावला. तिकडे दुपार कलली होती.

"अंबिका, तू फ्लास्क हूडमध्ये कुठं ठेवतेस?"

"मागं की, काचंजवळ. पुढं पंप असतो."

"तिथं ऊन येतं?"

"मॅडम, ऊन येतं म्हणून पडद्याचा अर्ज तुम्हीच दिलाय."

"उद्या सकाळी दोन फ्लास्क लाव. दोन्हीत सगळं सारखं. एकाला फॉइल गुंडाळ, पूर्ण. एक उघडा."

"एकाला फॉइल, एक उघडा," ती लिहून घेत पुटपुटली. मग हळू आवाजात, "अय्यो." आणि मग, "मॅडम, पावसाळ्यात एकदा झालं नव्हतं. आठवतंय? आपण द्रावकाला शिव्या दिल्या."

आठवत होतं. आम्ही द्रावक बदलला होता आणि तोवर आभाळ उघडलं होतं.

दोन फ्लास्क

सोमवारी आकाश पुन्हा पातेल्याचं बूड. उलरिकेंनी ऐकून घेतलं, खुर्चीवर बसल्या आणि दोन्ही हात डोक्याला लावले. "मी हे शिकवते," त्या म्हणाल्या.

"मी पण, मॅडम."

तळघरात त्यांच्याकडे दिवा होता. खराखुरा, क्वार्ट्झच्या नळीतला, मी फळ्यावर काढते तसा. मी तो आयुष्यात पहिल्यांदा चालू झालेला बघितला. दोन फ्लास्क, एकाला फॉइल. योनास दिवा बसवत होता तेवढ्यात माझा फोन वाजला. सोलापूर आपलं पुढे धावतं, तिथं दुपार झाली होती. अंबिकाने फोटो पाठवला होता. हूडची मागची काच, त्यातून आलेलं ऊन, आणि दोन फ्लास्क. एक लाल. दुसऱ्याची फॉइल काढून बाजूला ठेवलेली, आतलं पिवळं. खाली एकच ओळ: हात तुमचे चांगले होते मॅडम.

मी फोन योनासपुढे धरला. त्याने फोटो मोठा करून पाहिला, मान हलवली आणि दिव्याचं बटण दाबलं. चहा होईतो त्यांच्याही उघड्या फ्लास्कमधलं लाल झालं, फॉइलमधलं पिवळंच राहिलं. आमच्याइतकंच गर्द. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. उलरिके म्हणाल्या, "माल्ट्साइट," आणि आम्ही जेवायला गेलो.

त्या आठवड्याच्या शेवटी स्फटिक आले. योनासने ते हवा लागू नये म्हणून थंड तेलात उचलून क्ष-किरणांच्या यंत्रावर चढवले. पडद्यावर चित्र उभं राहिलं तेव्हा मी अंबिकाला व्हिडिओवर घेतलं होतं.

"नायट्रोजन कुठाय?" तिने विचारलं.

"तू म्हणाली होतीस तिथंच. मँगनीजला धरून."

तिने चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला. मग मी दुसरी गोष्ट सांगितली, जी सांगायलाच हवी होती. संयुग खरं आहे, पण आमचा रेणू मोनॉक्साइडला ढकलतो हे खरं नाही. ढकलतं ऊन. रेणू फक्त रिकाम्या जागेवर बसतो. निबंधाला दुरुस्ती छापावी लागेल आणि प्रबंधातली तीन प्रकरणं पुन्हा लिहावी लागतील.

"तिन्ही?"

"तिन्ही."

"टाइप झालेली?"

"झालेली."

"नायनांना मी काय सांगू?"

"सांग, मॅडम येतात."

ती चिडली होती, हसतही होती. "रंग आपोआप येत न्हाय, हे नायना मला लहानपणापासून सांगतात," ती म्हणाली. "मीच विसरले."

दुरुस्तीचा मजकूर उलरिके, योनास आणि मी, आम्ही तिघांनी मिळून लिहिला. पहिलं नाव कुणाचं, हे उलरिकेंनी विचारायच्या आधीच योनासने अंबिकाचं टाइप केलं होतं. निघायच्या दिवशी उलरिके स्टेशनवर आल्या, सायकल घेऊन. उरलेल्या भाकरी मी त्यांना दिल्या. त्यांनी रायच्या कडक भाकरीची दोन पाकिटं माझ्या बॅगेत कोंबली. ती आईला आवडली नाहीत. "हिच्यात ज्वारीचा वास न्हाय," ती म्हणाली, आणि चहात बुडवून सगळी संपवली.

परत

सोलापूर स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते आणि ऊन डोळ्यांत घुसत होतं. रिक्षावाला म्हणाला, "यंदा लई लवकर तापायलंय बघा." मी म्हटलं, तापू दे. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

घरी बॅग टाकून मी कॉलेजला गेले. लॅबमध्ये अंबिका हूडपुढे उभी होती, कपाळावरचा घाम बाहीने पुसत. टेबलावर जुन्या प्रकरणांची चळत, त्यावर लाल शाईच्या खुणा. नव्या कृतीत तिने लिहिलं होतं: काचेच्या खिडकीतून येणारा थेट सूर्यप्रकाश, दिशा नैऋत्य. आमचा निबंध छापलेल्या मासिकाच्या संपादकांनी दुरुस्ती घेताना प्रकाशस्रोताची कंपनी आणि मॉडेल विचारलं होतं. तिने उत्तर पाठवलं होतं: सूर्य.

"आणि काल पडदेवाला आलता," ती म्हणाली.

"कुठला पडदेवाला?"

"तुमचा अर्ज मंजूर झाला की मॅडम. प्राचार्यांनी पाठवला. टेप घेऊन माप काढायलाच लागला. जाड काळं कापड म्हणाला, अजिबात ऊन येणार न्हाय, गॅरंटी."

मी आधी खिडकीकडे पाहिलं. "मग?"

"मग काय. परत लावला त्याला. तो म्हणतो, ऑर्डर हाय, खिडकी दाखवा. मी म्हटलं, काका, बाकीच्या सगळ्या खिडक्या घ्या. ही आमच्या प्रबंधात हाय."

मी प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि अर्ज मागे घेतला. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. त्यांना ते पटलं की नाही, मला माहीत नाही. परत आले तेव्हा बारा वाजून गेले होते, ऊन काचेतून आत उतरलं होतं, आणि अंबिका फ्लास्क मागे सरकवत होती.